डल्सी हॅरपनं विकलेलं शेवटचं पिल्लू

मॉरवेल गावात डल्सी हॅरपकडून साप घ्यायचा म्हणजे आधी तिची बोलणी खावी लागत. कुणी फोन करून विचारलं, "एखादं पिल्लू आहे का?" की ती उलट विचारायची, "साप पाळायचं परमिट काढलंस? पेटी आणलीस? ती पेटी किती दिवस गरम ठेवून बघितलीस?" यातलं एकही उत्तर चाचरत आलं की, "मग आत्ताच कशाला फोन केलास?" म्हणून खाडकन ठेवून द्यायची. लोक चिडायचे, दुसरीकडे जायचे, आणि वर्षभरात त्यांतले निम्मे मेलेल्या सापाची कहाणी घेऊन तिच्याच दारात यायचे. तेव्हा मात्र ती त्यांना आत घेऊन चहा द्यायची.

ती मूळची सापांची बाई नव्हे. तीस वर्षं तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. साप होते तिच्या नवऱ्याचे, वेसचे. अंगावर गालिच्यासारखी पिवळीकाळी नक्षी असलेले कार्पेट अजगर. वेस जिवंत होता तोवर तिनं त्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मग एका रविवारी गवत कापता कापता वेस जागच्या जागी कोसळला. दफनविधीला आलेले लोक घरी परतले, आणि कुणीतरी त्या जिवांना पाणी द्यायला हवं हे तिच्या लक्षात आलं. धुलाईखान्यातले रबरी मोजे कोपरापर्यंत चढवून ती आत गेली. आठवड्यानं मोजे काढून ठेवले. त्याला आता अकरा वर्षं झाली होती आणि खोलीत लहानमोठे सत्तावीस अजगर होते. सगळे तिच्याच घरात अंड्यांतून निघालेले, अपवाद फक्त मेबलचा. ती वेसची पहिली मादी, वय वर्षं एकोणीस.

मागच्या अंगणातल्या एका सुट्या खोलीत तिचा धाकटा भाऊ केल राहायचा. वीजकेंद्र बंद पडलं तेव्हा त्याची नोकरी गेली, पाठोपाठ बायकोही गेली. "दोन आठवडे राहतो" म्हणून आला त्याला चार वर्षं झाली. तो भांडी धुवायचा, फ्रीजरमधले उंदीर पाण्यात घालून गरम करायचा, खोलीचा हीटर बघायचा. बहीणभाऊ दिवसभर एकमेकांना टोचून बोलायचे आणि शनिवारी एकाच कोचावर बसून फुटबॉल बघायचे.

मे महिना, तिकडचा हिवाळा तोंडावर, थंडी पडायला लागली होती. एका दुपारी खोलीत पाणी बदलताना डल्सीला एक आवाज आला. टक. बोटाचं नख नखावर आपटावं एवढा बारीक. ती थांबली. पुन्हा आला, पिल्लांच्या पेट्यांच्या बाजूनं. तिनं तीन पिल्लं काढून पाहिली. तिघांचेही डोळे दुधाळ झालेले, कात टाकायला आलेली. कात सुटायच्या वेळी नाकपुडीत पापुद्रा अडकतो आणि श्वास वाजतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काय गं?" केलनं दारातून विचारलं.

"आवाज येतोय कुणाचा तरी. कात आलीय, दुसरं काय."

केल क्षणभर तिथंच उभा राहिला. मग "हो, कातच असणार," म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सॅव्ह झामिट यायचा होता.

सॅव्ह माल्टाहून लहानपणी आलेला. पंचाहत्तरीचा, हाडं मोठी पण अंगावर मांस उरलेलं नाही. चाळीस वर्षं त्यानं वीजकेंद्रांत नळांभोवतीची ॲस्बेस्टॉसची वेष्टणं बसवण्याचं आणि फोडण्याचं काम केलं होतं. ती धूळ छातीत बसली, आणि आता नाकात नळी, हातात ऑक्सिजनच्या बाटलीची दोन चाकांची गाडी. नाताळापासून तो डल्सीकडे पिल्लू मागत होता. तिनं त्याला तीनदा परत पाठवलं होतं. एकदा परमिट नाही म्हणून, एकदा पेटी खिडकीच्या उन्हात ठेवली म्हणून, एकदा हीटरला तापमान आवरणारं यंत्र जोडलं नाही म्हणून. प्रत्येक वेळी तो निमूटपणे गेला आणि सांगितलं ते करून आला.

"कुत्रा का पाळत नाहीस?" तो आला तेव्हा तिनं त्याला विचारलं.

"केस. डॉक्टर म्हणतो केस नकोत. मांजर नको, पोपट नको. मग राहिलं काय? मासा. माशाला मांडीवर घेता येतं का, बाई?"

डल्सी हसली. हसायची तिला फारशी सवय नव्हती. पिल्लांच्या सहा पेट्या तिनं टेबलावर मांडल्या.

"आता ऐक. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मी विकणारी. विकणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, सापाचं बघायचं."

सॅव्हनं एका पेटीकडे बोट केलं. "हे. गरीब दिसतंय."

"गरीब दिसणारं कधीच घ्यायचं नाही. गरीब म्हणजे आजारी नाहीतर उपाशी. दया आली म्हणून घेतलेला साप दया येईल असाच मरतो. दुसरं बघ."

त्यानं दुसरं निवडलं. मादी, पाच महिन्यांची, हातभर लांब, परवाच कात टाकलेली. तिनं ती त्याच्या हातात दिली. पिल्लानं त्याच्या मनगटाला विळखा घातला, मान उचलली आणि जीभ लवलवत त्याच्या नळीचा वास घेतला.

"जीभ बघ. चालू हवी. आता हात सैल सोड, अंगठा पाठीवरून फिरव. कुठं गाठ लागते? खड्डा? कणा सुरीच्या पात्यासारखा वर आलाय? नाही ना? मग उलटी कर. पोटावर लाल चट्टा नको, भाजल्याचा डाग नको. शेपटीखालची जागा कोरडी हवी. पाण्याचं भांडं आण इकडं. तळाशी काळे ठिपके हलतायत का? हलले तर ते रक्त पिणारे किडे. आता तोंड." तिनं पातळ प्लॅस्टिकची पट्टी अलगद ओठांत सरकवली. "आतून गुलाबी हवं. धागे नकोत, पू नको. ही टाकलेली कात. अखंड आहे, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. ही खाल्ल्याची वही. वीस वेळा उंदीर खाल्लाय, एकदाही ओकली नाही."

सॅव्ह शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता.

"शेवटचं. कानाशी धर. श्वास ऐकू यायला नको."

त्यानं पिल्लू कानाशी नेलं. "माझ्याच नळीची फुसफुस ऐकू येते."

"मिनिटभर बंद करता येईल?"

त्यानं बाटलीची चावी फिरवली. खोलीत शांत झालं. त्याचे ओठ हळूहळू राखी पडायला लागले. "काही नाही," तो म्हणाला आणि घाईघाईनं चावी उघडली. "एकदम शांत आहे."

चाळीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढलेल्या माणसाला काय ऐकू येणार, हे डल्सीला कळत होतं. एरवी तिनं पिल्लू स्वतःच्या कानाला लावलं असतं. गेल्या अकरा वर्षांत एकही पिल्लू तसं केल्याशिवाय तिच्या दारातून बाहेर गेलं नव्हतं. पण तिला आदल्या दिवशीची ती टक आठवली, आणि सॅव्हचा चेहरा दिसला. त्यानं पिल्लाचं नाव आधीच ठेवलं होतं, मारीटेस, त्याच्या आईचं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "दहा दिवस हात लावू नकोस. रुळू दे."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेबल आजारी पडली. सकाळी डल्सी खोलीत गेली तर मेबलनं डोकं छताकडे ताणून धरलं होतं, तोंड उघडं, आणि ओठांच्या कडेला बुडबुड्यांची लाळ. प्रत्येक श्वासाला टक, टक. डल्सीनं तिला उशीच्या खोळीत घातलं, गाडीत हीटर लावला आणि जवळच्या ट्रॅरॅल्गन गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घशात कापसाचा बोळा फिरवून तो तपासणीला पाठवला. निकाल यायला नऊ दिवस लागले. तोवर आणखी पाच जणांच्या श्वासाला आवाज यायला लागला होता.

"विषाणू आहे," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "औषध नाही याला. नवा साप कुठला आणलात इतक्यात?"

"अकरा वर्षांत एकही नाही. आणला असता तरी मी तीन महिने वेगळ्या घरात ठेवला असता."

"कुठून तरी आलाच असणार, डल्सी."

फोन ठेवून ती मागच्या दारी गेली. केल पायरीवर बसून सिगारेट वळत होता. तिनं काही विचारायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला.

मार्चमध्ये त्यानं एक अजगर आणला होता. शेजारच्या गावातल्या एका गाडीतळावर, कुणा अनोळखी माणसाकडून. कागद नाहीत, वही नाही, "घरचाच आहे" एवढा तोंडी शब्द. जंगलातून उचललेला असेल नाहीतर कुणाच्या आजारी खोलीतून काढलेला. स्वतःचं काहीतरी उभं करावं, बहिणीसारखी पिल्लं काढावी, असं त्याच्या मनात आलं होतं. त्यानं तो पलंगाखाली खोक्यात ठेवला. भांडं मात्र तो डल्सीच्या सापांची भांडी धुवायच्या मोरीतच धुवायचा, आणि उंदराचा चिमटा तोच वापरायचा. एप्रिलच्या शेवटी तो साप मेला. केलनं तो लिंबाखाली पुरला.

"पुरलास," डल्सी म्हणाली. "पुरलास आणि माझ्या खोलीत येऊन भांडी धुतलीस."

"मला वाटलं थंडीनं मेला."

"तुझं तोंड बघायची लाज वाटते मला. एवढी वर्षं माझ्या घरात राहतोस. एक गोष्ट, एकच गोष्ट सांगितली होती तुला. बाहेरचं काही आत आणायचं नाही."

"सांगणार होतो. त्या दिवशी दारात उभा होतो तेव्हा सांगणार होतो."

"कुठल्या दिवशी?"

"तू म्हणालीस आवाज येतोय. मग तूच म्हणालीस, कात आलीय." केल तिच्याकडे न बघता बोलत होता. "तू ऐकलं होतंस, डल्सी. मी गाढव आहे, मला काही कळत नाही. पण तू ऐकलं होतंस आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला पिल्लू दिलंस."

ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाई घरीच आल्या. जे निरोगी दिसतायत तेही विषाणू घेऊन असणार, महिनोन्‌महिने तो पसरवत राहणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. डल्सीला समजावण्याची गरज नव्हती. अशा वेळी एकालाही मागं ठेवायचं नाही, हेच ती इतरांना सांगत आली होती. सकाळी नऊला सुरू केलं ते तीनपर्यंत चाललं. एकेक पेटी उघडायची, ती दोन्ही हातांनी धरायची, बाई आधी गुंगीचं आणि मग दुसरं इंजेक्शन द्यायच्या. सापाचा जीव जायला वेळ लागतो. हृदय उशिरापर्यंत चालू राहतं, म्हणून प्रत्येक वेळी यंत्र लावून थांबावं लागत होतं. दुपारी बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बसा, मी धरते." डल्सीनं नाही म्हणून मान हलवली. मेबल सर्वांत शेवटी. तिचं वजन इतकं होतं की तिला टेबलावर ठेवावं लागलं, आणि डल्सीनं तिचं डोकं तेवढं तळहातावर घेतलं. कोचावर वेसची जुनी उशी होती, तिची खोळ काढून तिनं मेबलला तीत गुंडाळलं.

केलनं काहीही न विचारता पेट्या अंगणात नेल्या आणि जाळल्या. संध्याकाळी त्यानं आपली बॅग भरली. "उत्तरेकडं फळबागांत काम मिळतंय म्हणतात," तो म्हणाला. ती ताटावरून उठली नाही. त्याची गाडी फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज आला तेव्हाही नाही.

मार्चनंतर तिनं पाच पिल्लं विकली होती. दुसऱ्या दिवशी तिनं फोन करायला घेतलं. पहिला माणूस शिव्या देऊन मोकळा झाला. दुसरी बाई रडली. तिसऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तासाभरात सापवाल्यांच्या गटात लिहिलं की डल्सी हॅरपच्या घरी रोग आहे, कुणी काही घेऊ नका. ते खरंच होतं. चौथ्याकडं आणखी सात साप होते, आणि तो फोन टाकून त्यांच्याकडं पळाला. सॅव्हनं फोन उचलला नाही. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून, घरातला रोग अंगावरून जाऊ नये म्हणून सगळे कपडे नवे घालून ती त्याच्या घरी गेली.

फळ्यांचं जुनं घर, दारात येशूच्या आईची चिनीमातीची मूर्ती. त्यानं दार उघडलं आणि वाटेतच उभा राहिला.

"न्यायला आलीस ना?"

"आत येऊ दे, सॅव्ह."

पेटी त्याच्या खुर्चीला टेकून ठेवलेली. काच लखलखीत, पाणी ताजं, तापमान बरोबर. अगदी तिनं सांगितलं होतं तसं. मारीटेस एका कोपऱ्यात मान वर करून पडली होती. टक.

"कधीपासून?" डल्सीनं विचारलं.

"तीन आठवडे. आधी वाटलं माझीच छाती वाजतेय. मग यंत्र बंद करून पाहिलं तरी आवाज येत होता. तुला फोन केला असता तर तू नेली असतीस." तो खुर्चीत बसला. बसायला त्याला बराच वेळ लागला. "मी काय चुकलो? सगळं लिहून ठेवलंय बघ. रोजचं तापमान."

"तुझं काही चुकलं नाही. माझ्याकडूनच रोग घेऊन आली ती."

तिनं केलचं सांगितलं, पलंगाखालचं खोकं, मोरी. तिथंच थांबता आलं असतं. सॅव्ह केलच्या नावानं माल्टीत काहीतरी पुटपुटला, आणि तिला वाटलं, आता उठावं. पण ती उठली नाही.

"तू यायच्या आदल्या दिवशी मला आवाज आला होता," ती म्हणाली. "कात असेल म्हणून मी सोडून दिलं. तुला देताना कानाला लावून बघितली नाही."

"का?"

"तुला नाही म्हणवेना."

सॅव्हनं पेटीच्या काचेवर हात ठेवला. नळीची फुसफुस आणि पेटीतला तो आवाज.

"आमचा एक फोरमन होता," तो म्हणाला. "वाईट नव्हता. नाताळात प्रत्येकाच्या घरी हॅम पाठवायचा. माझ्या कार्मेनच्या लग्नात नाचला. आम्ही विचारायचो, ही धूळ कसली? तो म्हणायचा, काही नाही रे, पिठासारखी आहे, झटकून टाका. वीस वर्षांनी कोर्टात कागद निघाले. त्याला माहीत होतं. पक्कं नसेल, पण कानावर आलं होतं. नंतर मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा त्याचीही छाती गेली होती. तो म्हणाला, सॅव्ह, तुमच्या पोटावर पाय आला असता, मला सांगवेना."

डल्सी खाली मान घालून बसली.

"मी त्याला माफ केलं नाही," सॅव्ह म्हणाला. "तुला आधीच सांगतो. वाट बघू नकोस."

"नाही बघत."

"तिला दुखतंय का?"

"दम लागतो. पुढं जास्त लागेल. डॉक्टरीणबाई इंजेक्शन देतील. मी घेऊन जाते, तू यायला नको."

"नको. माझी आहे ती. मला कळेल कधी ते. मी कार्मेनला सांगेन न्यायला." त्यानं हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "तू जा आता, बाई. आणि परत येऊ नकोस."

ती गेली नाही पुन्हा. दर गुरुवारी खरेदीला जाताना त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू करायची, एवढंच. ऑगस्टमध्ये सॅव्हच्या मुलीचा, कार्मेनचा फोन आला. "पप्पांनी सांगायला सांगितलंय. मंगळवारी इंजेक्शन दिलं. ते स्वतः आले होते, मांडीवर घेऊन." आणि फोन ठेवला.

सॅव्ह नोव्हेंबरात गेला. डल्सीला वर्तमानपत्रातून कळलं. जावं की न जावं याचा तिनं दोन दिवस विचार केला आणि शेवटी गेली. चर्च भरलं होतं. वीजकेंद्रातले जुने लोक, त्यांतल्या चौघांच्या नाकात नळ्या. ती सगळ्यांत मागं उभी राहिली. नंतर शेजारच्या दालनात चहा होता, चीज भरलेल्या माल्टी पुऱ्या होत्या. ती दारातूनच वळणार, तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी बाई समोर आली.

"तुम्ही सापवाल्या ना? मी कार्मेन."

डल्सीनं मान हलवली.

"ते तीन महिने ते त्या पेटीपासून हलले नाहीत," कार्मेन म्हणाली. "नातवंडांशी बोलायचे नाहीत. तिचं तापमान लिहीत बसायचे. मला तुमचा फार राग आला होता."

"असणारच."

"मी त्यांना म्हटलं, एवढं होऊन ती बाई तोंड वर करून सांगायला तरी कशाला आली? काय उपयोग झाला तिच्या सांगण्याचा? तर म्हणाले, काही नाही. काही उपयोग नाही, म्हणाले, पण ती आली. तो फोरमन काही आला नाही, मलाच जावं लागलं. एवढंच म्हणाले. त्यावरून तुम्हाला बरं वाटावं असं मला काही वाटत नाही."

"नाही वाटत."

कुणीतरी हाक मारली म्हणून कार्मेन गेली. जाता जाता तिनं टेबलावरची एक बशी उचलून डल्सीच्या हातात दिली. डल्सी भिंतीला लागून उभी राहिली. आजूबाजूचे म्हातारे खोकत होते, त्यांच्या जुन्या पाळ्यांबद्दल बोलत होते. बशीत दोन पुऱ्या होत्या. तिनं त्या दोन्ही उभ्याउभ्यानं खाल्ल्या, बशी धुवायच्या जागी नेऊन ठेवली, आणि तिथं धुणारं कुणी नव्हतं म्हणून बाह्या वर सारून साठलेल्या कपबशा धुवायला घेतल्या.